काटा थरथरतो रं म्हाराजा

गाडीत काय बिघाड आहे ते शांताराम मेस्त्री मालकाला कधी सांगत नसत, देवाला सांगत. रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला त्यांचं गॅरेज होतं. काम संपलं की बॉनेटवर नारळ ठेवायचे, मालकाला शेजारी उभं करायचे आणि गाऱ्हाणं घालायचे: "बा देवा म्हाराजा, ब्रेक नवीन घातलेत, क्लच आजून थोडा वडंल, मालक गाडी लय दामटवतो, त्येला अक्कल दे रं म्हाराजा." मालकाने मुकाट्याने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. देवासमोर खोटं बोलायचं नाही हा त्यांचा नेम, म्हणून खरं काय ते तिथेच कळायचं.

मी गाडी चालवते याची आमच्या आळीत फार कुजबुज होती. मेस्त्रींनी पहिल्या भेटीत एवढंच विचारलं, "बाय, गाडी हाकताना भ्या वाटतं?" वाटतं म्हटलं. "मग बेस. भ्यालेला मानूस ब्रेक येलेवर दाबतो."

गाडी मामांची, जुनी परदेशी, कासवासारख्या पाठीची, इंजिन मागे असलेली. ऐंशीच्या दशकात तिला हात लावणारे रत्नागिरीत मेस्त्रीच. एका वर्षी तिचा वेगाचा काटा थरथरू लागला. नेमकं तेव्हाच आईला पोटातल्या गाठीच्या ऑपरेशनसाठी मिरजेला न्यायचं होतं. मिळालेली तारीख चुकली तर पुढची कधी मिळेल याचा नेम नव्हता. मेस्त्रींनी काट्याची केबल बदलली, तरी थरथर थांबेना. जो तो म्हणे, काट्यावाचून काय अडलंय, गाडी पळतेय ना?

निघायच्या सकाळी त्यांनी नारळ ठेवला. "बा देवा म्हाराजा, केबल नवी हाय, मीटर बरा हाय, चाकं हलवून बगितली, ती घट्ट हायत. तरी काटा का थरथरतो ते मला समाजलं नाय रं म्हाराजा."

माझ्या तोंडून "व्हय" निघेना. 'समाजलं नाय' हे त्यांच्या गाऱ्हाण्यात मी कधी ऐकलंच नव्हतं. मेस्त्रींनी हात पुसले आणि ते गाडीत माझ्या शेजारी येऊन बसले. "चल. घाटाच्या आधी उमगलं तर बरं, नायतर तुमाला एस्टीत बशिवतो."

आई मागे डोळे मिटून बसली होती. मेस्त्री रस्त्याकडे बघतच नव्हते, नजर काट्यावर. पाली गेली, नाणीज गेलं. साखरपा जवळ आलं तेव्हा ते पुटपुटले, "डाव्या वळनाला थरथरतो, उजव्याला गप बसतो." मग त्यांचा चेहरा उतरला.

"बाय, ह्या गाडीत काटा पुढच्या डाव्या चाकातनं फिरतो. मीटर भीत नाय, चाक भितंय. हलू थांबव. जोरात ब्रेक मारू नको."

आता स्टिअरिंगही थरथरत होतं. गाडी कशीबशी कडेला घेतली. मेस्त्रींनी जॅक लावून चाक वरखाली हलवलं आणि ते खुळखुळलं. सकाळी थंड असताना घट्ट होतं, तापल्यावर सैल पडलं होतं. आतून बेअरिंगचा चुरा निघाला. पुढे आंबा घाट होता. आईने तो चुरा पाहिला आणि माझं मनगट धरलं, ते मिरजेपर्यंत सोडलं नाही. आम्ही एस्टीने वेळेत पोहोचलो. मेस्त्री गाडीपाशी थांबले.

आई बरी झाली. पुढे काही वर्षांनी मेस्त्रींनीच अंथरूण धरलं. डॉक्टर त्यांच्यासमोर "बरे व्हाल" म्हणायचे आणि बाहेर मला वेगळंच सांगायचे. एका दुपारी त्यांनी मला जवळ बसवलं. "नारल नाय, पन गाऱ्हानं घाल. खोटं घालू नको."

मला त्या घाटाआधी वाटली नव्हती एवढी भीती वाटली. हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, मेस्त्रींना काय झालंय ते डॉक्टरांना समजलंय. ते दुरुस्त होण्यातलं नाही. हे भ्यालेत, मीही भ्यालेय. हळू थांबव रे म्हाराजा."

खोलीत आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं.

"व्हय म्हाराजा," मेस्त्री म्हणाले.