होडीतली शाळा

लाकडाला चोपडलेल्या माशाच्या तेलाचा वास आला की मला आमच्या बाबांची होडी आठवते, आणि त्या होडीत भरलेली शाळा. मोठा दादा अलिबागेहून मॅट्रिक पास होऊन आला, त्या वर्षीची ही गोष्ट. मुंबईला गोदीत कारकुनी ठरलेली असूनही तो म्हणाला, "आधी गावातली सगळी पोरं शिकवतो, मग माझं बघू." सगळी म्हणजे गावाबाहेरच्या अस्पृश्य वाड्यातलीसुद्धा, म्हणून देवळाची पडवी कुणी देईना. बाबा म्हणाले, "माझी होरी पावसाभर वाळूत बसूनच हाय. भरव तिच्यात." नारळाच्या झापांच्या छपराखाली आम्ही पाट्या घेऊन चढलो. आम्ही कोळ्यांची पोरं एका अंगाला दाटीवाटीने बसलो, त्या वाड्यातली चारदोन पोरं दुसऱ्या अंगाला अंग चोरून. एवढ्यात होडी कुरकुरली आणि आमच्या बाजूला कलली. बाबा ओरडत आले, "आरं, वजन बघून बसवा! जाडी पोरं तिकडं, बारकी इकडं!" दादा एकेकाला उचलून भराभर बसवत सुटला. नुसता हसण्याचा कल्लोळ! होडी सरळ झाली तेव्हा कोण कुठल्या वाड्यातलं ते कळेना. माझ्या मांडीला मांडी लावून तिकडची एक मुलगी बसली होती, आणि दोघींना हसू आवरत नव्हतं. शाळा सुटल्यावर दादाने खिशातून लाकडाची एक पाचर काढून माझ्या हातात ठेवली. होडीला आमच्या बाजूने लावलेल्या टेकूखालून सकाळी त्यानेच ती काढून घेतली होती. "बाबांना सांगू नको हां," तो म्हणाला. ती पाचर अजून माझ्या घरी आहे. दार उघडं राहावं म्हणून मी ती फटीत सारून ठेवते.