मेलेला सैनिक वार करतो का?

चाळिशी जवळ आली तसा माझ्या नवऱ्याला सैनिक रंगवायचा नाद लागला. बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे सैनिक, त्यांचे भाले, ढाली, घोडे. ते टेबलावर मांडायचे, टेपने अंतर मोजून पुढे सरकवायचे आणि फासे टाकून कोण मेलं ते ठरवायचं. ऑफिसात दहाजण ज्याला सर म्हणतात तो माणूस रविवारी भिंगातून घोड्याची शेपटी रंगवतो, हे मी माहेरी सांगणारच नव्हते. पण रेवदंड्याला निघालो की गाडीत माझ्या बॅगेच्या आधी त्याचा डबा चढतो. त्यामुळे झाकली मूठ फार दिवस झाकलेली राहिली नाही.

माझे बाबा तांडेल. उभं आयुष्य मासेमारीची बोट चालवण्यात गेलं. बंदरावर मासळीच्या लिलावात ते भांडायला लागले की खाडीपलीकडे कोर्लईत ऐकू जातं, असं लोक म्हणायचे आणि बाबांना ते आवडायचं. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, बोट चुलतभावाकडे गेली आणि बाबा एकदम गुणी झाले. कालवण अळणी झालं तरी "चालंल". आईने टीव्हीवर रडकी मालिका लावली तरी "चालंल". आम्हाला आधी बरंच वाटलं. पण एक दिवस मासळी साफ करता करता आई मला म्हणाली, "हा कोन मानूस आनून ठेवलाय गो घरात? माजा भांडखोर नवरा कुटं गेला?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

त्यावर आम्ही काय केलं, तर त्यांना आणखी जपायला लागलो. पत्त्यांत मुद्दाम हरायचं, त्यांच्या प्रत्येक बोलण्याला मान डोलवायची. नवऱ्याने त्यांना आपला खेळ शिकवला तोही याच जपण्यात. बाबांनी मात्र तो मनावर घेतला. बोटीचा उरलेला निळा आणि नारिंगी ऑइलपेंट काढून त्यांनी आपली फौज रंगवली. रंग इतका जाड की सैनिकांची नाकं-डोळे बुजून गेले.

नियमांचं पुस्तक इंग्रजीत आणि जाडजूड. वाद झाला की निकाल मी द्यायचा, कारण मी शाळेत इंग्रजी शिकवते. शिवाय माझ्या तोंडाला दोघेही वचकून असतात.

एका रविवारी बाबांच्या तुकडीने नवऱ्याच्या तुकडीवर धाव घेतली. हातघाई जुंपली, फासे पडले आणि नवऱ्याचे पुढच्या रांगेतले सैनिक मेले. आता या मेलेल्यांनी मरता मरता उलटा वार करायचा की नाही? पुस्तकात एवढंच होतं की हातघाईत पडलेले सैनिक टेबलावरून काढावेत. उलट्या वाराआधी काढायचे की नंतर, हे लिहिणाऱ्याने बहुधा आमच्या नशिबावर सोडलं होतं. नवऱ्याचं म्हणणं, दोन्ही बाजू एकाच वेळी लढतात, तेव्हा मेलेल्यांचेही वार धरावेत. बाबा म्हणाले, "जावयबापू, मेलेला मानूस वार कसा करील? मेला तो मेला."

मला ते पटलं. आधी मेलेले उचला, मग उरतील त्यांनी वार करावा, असा मी निकाल दिला. नवऱ्याने निमूटपणे सैनिक उचलले.

पुढच्या रविवारी गंगा उलटी वाहिली. नवऱ्याच्या घोडेस्वारांनी बाबांच्या सरदारालाच गाठलं आणि पहिल्या फाशात सरदार मेला. त्याला एक उलटा वार मिळाला असता तर डाव बाबांचा होता. बाबा खुर्चीत पुढे सरकले.

"पाकट बघितलंय ना तुमी, जाल्यात येतो तो मासा? मेलेलं पाकट होडीत पडलेलं असतं, पन त्याच्या शेपटीचा काटा पायात घुसला तर मानूस रातभर बोंबलतो. मंग माजा सरदार मेल्यावर वार का न्हाय करनार?"

"बाबा, मागच्या रविवारी मेला तो मेला होता," मी म्हटलं.

"तो जावयांचा मेला व्हता."

नवरा लगेच विरघळला. "असू दे, बाबांचं बरोबर आहे," असं म्हणत त्याने फासे बाबांच्या हातात ठेवले, लहान मुलाच्या हातावर खाऊ ठेवतात तसे. बाबा फाशांकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरला. "चालंल," ते म्हणाले. "तुमी म्हनाल तसं."

माझं डोकंच फिरलं. नवऱ्यावर, स्वतःवर, सगळ्या घरावर. हा माणूस वादळात बोट खाडीत आणायचा आणि आम्ही त्याला जिंकणंसुद्धा भरवत होतो. मी त्यांच्या हातातले फासे काढून घेतले. "नियम दोघांना एकच. मेला तो मेला. सरदार उचला."

बाबांनी सरदाराला हात लावला नाही. आता हे उठून आत जातील आणि पुन्हा या टेबलाशी बसायचे नाहीत, असं मला वाटलं. तरी मी स्वतःच सरदार उचलला.

तेव्हा बाबांचा हात टेबलावर आपटला. दोन घोडे आडवे झाले.

"कोनी लिवलाय हा नियम? त्यानं कवा पाकट हातात धरलंय? आनि तू? तुला मी चालाया शिकवलं, आनि तू माजा सरदार उचलतेस?"

मीही त्यांचीच लेक. पाकट वेगळं आणि सरदार वेगळा, असं मी तितक्याच मोठ्याने सांगितलं. मग पुस्तक वाचून दाखव, एक ओळ सोडू नकोस, असं ते गरजले. नवरा बिचारा पाण्याचा ग्लास घेऊन आमच्या दोघांमध्ये उभा होता. शेजारची काकू कुंपणापर्यंत आली.

आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला खवले चिकटलेले. बाबा खुर्ची सोडून ताठ उभे होते, मान लाल झाली होती आणि ते माझ्या साऱ्या शिक्षणाचा उद्धार करत होते. आई दारातच थांबली. बराच वेळ तिने ते सगळं ऐकून घेतलं, मनगटाने डोळे पुसले आणि माझ्या मागे येऊन हळूच म्हणाली, "त्यांचा आनखी एक उचल गो."