वखारीच्या कर्ण्यातली खरखर

सेहेचाळीस साली निपाणीत आमच्या तंबाखूच्या वखारीत लाउडस्पीकरचे कर्णे बसले, ते गुंजीच्या मष्णूनं बसवले. लढाईच्या काळात पलटणीत तारा ओढायला शिकलेला हा गडी. हात गुणी, पण डोकं सदा तापलेलं आणि पायाला जशी भिंगरी. चार शेडांत चार कर्णे, मधल्या कचेरीत आवाज वाढवायचं मशीन, आणि तिथंच माईकपुढं मी, कारकून. फाटकाजवळच्या छपरात कामकरणींची तान्ही पोरं असत. पोर रडलं की त्यांना सांभाळणारी ब्राह्मीआक्का मला येऊन सांगायची आणि मी आईचं नाव पुकारायचो. नाव पुकारल्याशिवाय बाईनं तंबाखूवरून उठायचं नाही, असा मालकांचा दंडक होता.

महिनाभर नीट चाललं. मग खरखर सुरू झाली. एक दिवस आवाज खणखणीत, दुसऱ्या दिवशी कढईत मोहरी तडतडावी तसा. मष्णूनं मशीनचे व्हॉल्व्ह बदलले, माईकची वायर नवी घातली, तंबाखू चाळायच्या यंत्राची मोटार उघडून साफ केली. तो कचेरीतल्या मशीनपुढं बसला की ते शहाण्यासारखं बोलायचं, आणि तो जेवायला गेला की पुन्हा खरखर. काहीच सापडेना तेव्हा माझ्यावर घसरला. "अण्णा, तोंडात पान धरून बोलताय व्हय?" मी आठ दिवस पान सोडलं. खरखर काही सुटली नाही. त्या अपमानाचा राग मला आजही येतो.

एका मंगळवारी त्या खरखरीत नागुबाईचं नाव बुडालं. नागुबाई म्हणजे मष्णूचीच बायको. मी तीनदा पुकारलं, पण तिच्या शेडात नुसती तडतड पोचली. चार महिन्यांचं पोर रडून रडून निळं पडलं. शेवटी ब्राह्मीआक्काच धावत गेली आणि तिला घेऊन आली.

मालक नेमगोंडा आप्पा तिथंच उभे होते. म्हणाले, "सोमवारपतोर हे नीट झालं न्हाय तर कर्णे उतरवायचे. आन् पोरं बी हितं आणायची न्हाईत."

नागुबाईच्या घरात पोर बघायला दुसरं माणूस नव्हतं. म्हणजे तिचं काम सुटणार, आणि तिच्यासारख्या तीस-चाळीस जणींचं. मष्णूचं जेवणावरचं लक्ष उडालं. उठायचा, वायर चाचपायचा, चार पावलं जायचा, परत यायचा. त्याच्याकडं बघून मलाच दम लागायचा.

शनिवारी दुपारी खरखर ऐन भरात असताना त्याची नजर मशीनमधून भिंतीबाहेर जाणाऱ्या तारेवर गेली. ती तार मागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात पुरलेली. खड्डा त्यानं स्वतःच्या हातानं खणला होता, म्हणून तो सोडून बाकी सगळं त्यानं तपासलं होतं! आता जाऊन बघतो तर माती भुगा झालेली आणि कडेनं मुंग्यांची रांग. रोज सकाळी तिथं घागरभर पाणी घालायचं काम ब्राह्मीआक्काचं होतं.

"आक्का, हितं पाणी घालत न्हाईस?"

"मुंग्या वर नसल्या की घालते. वर असल्या की कसं घालू? अंडी तोंडात धरून हिंडत्यात बिचाऱ्या. मग शेवग्याला वतते."

"आगं, ही माती वाळली की मोटारीची खरखर जमिनीत जायची ती कर्ण्यात शिरते!"

आक्कानं पोरांच्या छपराकडं बघितलं. "म्हंजे पोरगं माझ्यापायी रडलं?"

साऱ्या वखारीवर खेकसणाऱ्या मष्णूला तिच्यावर ओरडता आलं नाही. रविवारी त्यानं मुंग्यांना न हलवता दहा हातांवर दुसरा खड्डा खणला आणि तार तिकडं नेली.

सोमवारी सकाळी आप्पा कचेरीत आले. माईक चालूच होता.

"काय बिघाड हुता रं?"

"माझीच चूक, आप्पा. खड्डा मी खणला, आन् पुन्यांदा बघितलाच न्हाय."

चारी शेडांत हे गेलं, एक अक्षरही न बुडता. तोवर फाटकाकडून आक्का तरातरा आली आणि दारात हात जोडून उभी राहिली.

"आप्पा, मष्णू मला झाकतोय. पाणी घालायचं काम माझं हुतं. मुंग्या मरतील म्हणून मी घातलं न्हाय. नागूचं पोरगं माझ्यापायी रडलं."

तेही शेडांत गेलं. माईक बंद करावा असं मला वाटलं नाही, खरंच सांगतो. आप्पा जैन, त्यांच्या घरी पाणी गाळून पीत आणि दिवस मावळायच्या आत जेवत. मुंग्यांवरून ते आक्काला काय बोलणार? "कर्णे ऱ्हाऊ देत, पोरं बी," एवढं म्हणून ते हिशेबाची वही चाळायला लागले.

एवढ्यात नागुबाई शेडातून बाहेर पडली. मी तिचं नाव पुकारलं नव्हतं. मुकादमानं तिला अडवलं नाही, बाया दारांतून बघत राहिल्या. आता ही आपलं पोर उचलून नेणार, असं मला वाटलं. आक्का तिच्या मागोमाग छपरात गेली आणि कोपऱ्यात मान घालून बसली. नागुबाईनं पोराला पाजलं, पदरानं त्याचं तोंड पुसलं. मग ते आक्काच्या मांडीवर ठेवून ती कामाला निघून गेली.