मिलवाल्या काकूंची सून

कारखान्यात त्यांना सगळे मिलवाल्या काकू म्हणत. रंगाची पूड पाण्यात घोळून ती इतकी बारीक दळायची की चिमटीत कण लागता कामा नये, हे त्यांचं काम. मिल म्हणजे एक आडवं बंद पिंप. त्यात मोहरीएवढे टणक पांढरे मणी, मधोमध गरगर फिरणारा दांडा आणि तापू नये म्हणून बाहेरून सतत थंड पाणी. काकू इथे आल्या त्या डबे धुणारी बाई म्हणून. मिलवरचा माणूस काम सोडून गेला तेव्हा हात पुसत पुढे झाल्या नि म्हणाल्या, मी चालवते. चालवता येत नव्हतीच. पण शिकलं की येतं, असा त्यांचा खाक्या.

सूनही त्यांनी इथेच हेरली. लॅबमधली नवी केमिस्ट मिलपाशी येऊन बाह्या सरसावून रंग ढवळताना त्यांनी पाहिली आणि मुलाच्या मागे लकडा लावला, एकदा भेटून तरी ये. तो भेटला, मग भेटतच राहिला. शेजारणी म्हणाल्या, अहो, घरात साहेब आणताय. काकू म्हणाल्या, "घरी मी थोरली, कारखान्यात ती. फिटंफाट."

तसंच चाललंही. कामावर काकू सुनेला मॅडम म्हणत आणि तिचं ऐकत. मग निळ्या रंगाचं काम आलं.

हा निळा नेहमीपेक्षा कितीतरी बारीक हवा होता. सुनेनं खसखशीएवढे मणी मागवले, रंग जाऊ देऊन मणी आत अडवणारी जाळी त्यांना साजेशी बसवली आणि बजावलं की पोलादी पट्टीवर रंग ओढल्यावर एकही कण दिसेनासा होईपर्यंत मिल थांबवायची नाही. सकाळभर काम झकास चाललं. दुपारी मोटरचा आवाज जड झाला, भाराचा काटा चढू लागला. नळीतून धार यायची ती बंद होऊन रंग गोळ्यागोळ्यांनी पडू लागला. काकूंनी लॅबमध्ये निरोप धाडला. उत्तर आलं, पट्टीवर अजून कण दिसतायत, चालू ठेवा.

काकू काट्याकडे बघत राहिल्या. चारचौघांत सुनेचा शब्द मोडायचा आणि संध्याकाळी तिच्याच शेजारी जेवायला बसायचं. त्यांनी बटण दाबून मिल बंद केली.

सून तरातरा खाली आली. "आई, मी चालू ठेवायला सांगितलं होतं."

"अडकून बसली असती. मणी फुटलेत, उघडून बघ."

मिल उघडली. मणी अख्खे होते, जाळी साफ होती. काकूंनी मूठभर मणी तळहातावर फिरवून पाहिले आणि सगळ्यांदेखत सांगून टाकलं, मण्यांचा माझा अंदाज चुकला. पण थांबवली ते बरोबरच केलं.

सुनेनं तो दाट रंग बरण्यांत घेतला आणि कणांना सुटं ठेवणारं द्रावण कुठे कमी, कुठे जास्त घालून ढवळत बसली. एका बरणीतला रंग बघता बघता दुधासारखा पातळ झाला. मग तिच्या डोक्यात उजेड पडला. कण जितके बारीक, तितकं त्यांचं अंग जास्त उघडं पडतं. द्रावण पुरलं नाही की ते पुन्हा एकमेकांना चिकटतात. पट्टीवर दिसत होते ते चिकटून झालेले पुंजके.

"मी आणखी दळायला लावत होते, आणि ते आणखी चिकटत होते," ती काकूंना म्हणाली.

"बरं, म्हणजे दोघीही निम्म्या चुकलो. तू द्रावण घाल, मी मिल हळू फिरवते. धांदल नको."

दिवस मावळायच्या आत काटा उतरला. धार अखंड झाली, आणि पट्टीवर ओढलेला निळा आरशासारखा सपाट उमटला. मॅनेजरांनी ती पट्टी खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिली नि मान डोलावली.

घरी जेवताना सासू-सुनेची जुंपली. द्रावण सगळं आधीच घालावं, असं काकूंचं म्हणणं; दळण होईल तसं वाढवत न्यावं, असं सुनेचं. घरात तरी रंग नको, म्हणून मुलगा कुरकुरला. त्याचं कोण ऐकतंय? दुसऱ्या दिवशी दोघींनी दोन्ही तऱ्हा करून पाहायचं ठरवलं आणि मगच ताटं उचलली.