पूर्ण मिनिट मोजणारी अक्का

कौसाअक्का गेल्याचं दाजींनी फोनवर सांगितलं ते भर दुपारी. मी नांदेडच्या दवाखान्यात व्हेंटिलेटरच्या नळ्या जोडत होतो. दाजी म्हणजे अक्काचे यजमान, पेडगावचे, मेंढरं राखणारे आणि फोनवर मोजकंच बोलणारे. "कौसा गेली. डोक्यातली नस फुटली. काल नेलंतं परभणीला," एवढं बोलून ते थांबले. अशा वेळी माणसानं काहीतरी धीराचं बोलावं. मी विचारलं, "मशीन कोण बघत होतं?" प्रश्न तोंडातून निघाला आणि माझी मलाच लाज वाटली. पण दाजींना त्यात काही वावगं वाटलं नसावं. "तिनंच शिकविलेली पोरगी व्हती. लय निगुतीनं केलं तिनं," ते म्हणाले. त्याला आता पाच आठवडे होऊन गेले. अक्का नाही हे अजून अंगवळणी पडत नाही, आणि पडू नये असंच वाटतं.

आमची ओळख परभणीतल्या एका छोट्या कम्युनिटी कॉलेजात झाली. दोन वर्षांचा रेस्पिरेटरी थेरपीचा कोर्स होता. श्वास अडलेल्या माणसाला ऑक्सिजन कसा द्यायचा, वाफ कशी द्यायची, व्हेंटिलेटर कसा सांभाळायचा, हे सगळं त्यात शिकवायचे. मी पाथरीहून एस.टी.नं जाऊन-येऊन करायचो. डॉक्टर होण्याइतके मार्क पडले नव्हते आणि त्याचा राग मी साऱ्या जगावर काढत होतो. पाथरीत कोणी विचारलं की मी कोर्सचं लांबलचक नाव सांगायचो आणि पुढचा म्हणायचा, म्हणजे हवा भरायचा कोर्स का? मला ते फार झोंबायचं. अशात पहिल्याच दिवशी वर्गात एक छत्तीस-सदतीस वर्षांची बाई येऊन पहिल्या बाकावर बसली. नऊवारी नाही, पण डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. आम्हाला वाटलं कुणाची तरी आई सोडायला आली असेल. सरांनी हजेरी घेतली तेव्हा ती "हाय जी" म्हणाली आणि आम्ही सगळे फिदीफिदी हसलो. ती पण हसली. तिला राग कसा आला नाही, हे मला कितीतरी दिवस कळलं नाही.

लग्नाआधी ती बारावी झाली होती. पुढं पंधरा-सोळा वर्षं मेंढरं, शेत आणि लेकरं. कोरोनात तिचे वडील व्हेंटिलेटरवर होते आणि तिला काही वेळ त्यांच्याजवळ बसू दिलं होतं. त्या दिवसाबद्दल ती माझ्याशी एकदाच बोलली. "मशीन सारखं बोलायलंतं रे. मला त्यातलं कायबी कळंना. माझा बाप जायलाय का ऱ्हायलाय, ते त्या मशीनला ठाव हुतं आन् मला न्हाई." वडील गेले. वर्षभरानं तिनं दाजींना सांगितलं, मला ते मशीन शिकायचंय. दाजी म्हणाले, शीक. घरातल्या बाकीच्यांनी काय म्हटलं ते तिनं कधी सांगितलं नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही.

पुस्तकातलं इंग्रजी ती वहीत देवनागरीत उतरवून घ्यायची आणि एस.टी.त पुटपुटत पाठ करायची. त्यात ती आमच्या मागं होती. पण रुग्णाच्या छातीवर तिचा हात पडला की सगळं उलटं व्हायचं. मिनिटाला श्वास किती हे मोजायचं असलं की आम्ही पोरं पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचो. सगळे तसंच करतात. अक्का पूर्ण मिनिट मोजायची. वॉर्डात तीस खाटा असल्या तरी तीस मिनिटं. मी एकदा चिडून म्हणालो की अक्का, अशानं आपली दुपार इथंच जाईल. ती म्हणाली, "पहिल्या पंधरा सेकंदात माणूस आपल्याकडं बघत ऱ्हातो. त्याचा खरा दम नंतर सुरू हुतो." हे मी नंतर स्वतः तपासून पाहिलं. आपल्याला कोणी मोजतंय हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो. पुस्तकातही ते कुठंतरी लिहिलेलं आहे. अक्कानं ते वाचलं नव्हतं.

ती हे कुठं शिकली, ते पेडगावला गेलो तेव्हा दिसलं. मेंढी व्याली होती आणि कोकरू निपचित पडलं होतं. मी घाईनं म्हणालो, गेलं. अक्कानं त्याच्या तोंडातला चिकटा बोटानं काढला, मागचे पाय धरून त्याला दोन झोके दिले, गवताची काडी नाकपुडीत फिरवली. काही नाही. मग ती मातीत बसली, कोकराचं तोंड मुठीत धरलं आणि नाकात हळू फुंकर घातली. मोठी नाही, अगदी त्या जिवाला पुरेल एवढीच. तिसऱ्या फुंकरीला ते शिंकलं. आम्ही वर्गात ज्या हिशेबावर आठवडा घालवला होता, लहान फुप्फुसाला किती हवा द्यायची, किती दिली तर फाटेल, तो हिशेब तिच्या गालात होता. मी तिथं तोंड उघडं टाकून उभा होतो. दाजींना त्याचं काही विशेष वाटलं नाही, ते दुसऱ्या मेंढीकडं गेले.

आता ते सांगतो, जे सांगायला हा लेख लिहायला घेतला. दुसऱ्या वर्षी आम्ही वॉर्डात शिकायला होतो. पाथरीकडच्या एका खेड्यातला एक म्हातारा दाखल झाला होता. आयुष्यभर बिडी ओढलेली, छातीचा भाता झालेला. अशा माणसाचं शरीर कमी ऑक्सिजनला सरावलेलं असतं. त्याला गरजेपेक्षा जास्त दिला तर त्याचा श्वास मंदावतो, आत खराब हवा साठते आणि त्याला गुंगी येते. हे आम्हाला शिकवलेलं होतं आणि मी त्यावर पेपरात पूर्ण मार्क घेतले होते. म्हाताऱ्याचा मुलगा माणिक सकाळपासून पांढऱ्या कोटातला जो दिसेल त्याला विनवत होता, ऑक्सिजन वाढवा की जरा, बाप तडफडायलाय. आमच्याच भागातला माणूस. माझी बोली ऐकून त्यानं माझा हात धरला, आपलं माणूस म्हणून तरी बघा म्हणाला. मी बघतो म्हणालो. तो औषध आणायला खाली गेला आणि मी भिंतीवरचा ऑक्सिजनचा नळ फिरवला. काचेच्या नळीतली छोटी गोळी दोनवरून आठवर गेली. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा भराभर चढला. म्हातारा शांत झाला, डोळे मिटले. माणिक परत आला तेव्हा बाप झोपलेला. त्याच्या चेहऱ्यावर किती बरं वाटलं होतं! मी आपल्यावरच खूश होऊन चहाला गेलो.

अक्का दुपारी वॉर्डात आली. आकड्याकडं न बघता तिनं म्हाताऱ्याच्या छातीवर हात ठेवला आणि घड्याळात मिनिट मोजलं. "ही झोप न्हाई," म्हणाली आणि धावत डॉक्टरांना बोलवायला गेली. नळ खाली आला, घट्ट मास्कचं मशीन लागलं. संध्याकाळच्या आत म्हाताऱ्यानं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. पण मधल्या त्या वेळात डॉक्टर सगळ्यांसमोर माणिकला बोलले होते. नातेवाइकांनी नळाला हात लावायचा नाही हे किती वेळा सांगायचं, असं. माणिकनं हात लावला नव्हता. पण विनवण्या त्यानंच केल्या होत्या. तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसला आणि गमछा तोंडाला लावून रडायला लागला. चहाहून परतलेला मी खांबाआड उभा होतो. मला कोर्समधून काढून टाकतील, पाथरीत तोंड कसं दाखवू, एवढंच डोक्यात होतं.

अक्कानं मला गाठलं. तू केलंस का, असं विचारलंसुद्धा नाही. "त्याला जलमभर वाटत ऱ्हाईल, मीच बापाला मारायला निघालतो. जा, सांग," एवढंच म्हणाली. मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. डॉक्टर खूप बोलले, दोन आठवडे वॉर्डात पाऊल टाकायचं नाही म्हणाले, पण कोर्स राहिला. अक्का जिन्यात थांबली होती. "सांगितलंस?" "सांगितलं. डॉक्टरांना." ती "बरं" म्हणाली आणि वर गेली. मला वाटलं, माझी सुटका झाली. मी एस.टी. पकडून घरी गेलो. पुढं मी नांदेडला लागलो, अक्का परभणीतच राहिली आणि नव्या पोरापोरींना शिकवू लागली.

अक्काच्या तेराव्याला मी पेडगावला गेलो. घरापुढं सतरंज्या टाकल्या होत्या. माझ्या शेजारी पन्नाशीचा एक माणूस येऊन बसला आणि आजूबाजूच्यांना अक्काचं सांगू लागला. बोलता बोलता मला कळलं, हा माणिक. वॉर्डात माझ्या तोंडावर मास्क असायचा, त्यानं मला ओळखलं नाही. तो म्हणाला, "बाप मरता मरता वाचला. मी बाकावर रडत बसलतो. सांजच्याला अक्का आल्या, बाजूला बसल्या. म्हनल्या, भाऊ, नळ मी वाढविलता. तुमी वाढवा म्हनलात ते लेक म्हनून. शिकलेली मी हाय, न्हाई म्हनायचं काम माझं व्हतं." बाप पुढं तीन वर्षं जगला, आणि दर दिवाळीला आपण इथं फराळ घेऊन येत होतो, असंही त्यानं सांगितलं.

म्हणजे मी घरी गेल्यावर ती बाकाकडं गेली होती. मी सांगायचं होतं ते त्याला, डॉक्टरांना नव्हे, आणि मी ते करणार नाही हे तिला जिन्यातच कळलं होतं. इतकी वर्षं ती माझी चूक आपल्या नावावर घेऊन या माणसाचा फराळ घेत होती, आणि माझ्याशी त्याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. एवढं मोठं मन मी दुसरीकडं पाहिलेलं नाही. पाहीन असंही वाटत नाही.

"माणिकभाऊ, नळ मी वाढवला होता," मी म्हणालो. "अक्का तेव्हा वॉर्डात आलीसुद्धा नव्हती."

तो माझ्याकडं वळला. मला वाटलं उठून जाईल. मग त्यानं विचारलं, "तुमी त्येंचे कोन?"

बरोबर शिकायला होतो, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. तिथं ते सांगवेना. "त्यांच्याकडं शिकतोय," मी म्हणालो. माणिकनं माझा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

परवा आमच्या दवाखान्यात एका म्हातारीची लेक माझ्यामागं लागली, ऑक्सिजन वाढवा म्हणून. मी तिला बाहेर बाकावर घेऊन गेलो, का वाढवता येत नाही ते सांगितलं. तिला पटलं नाही. ती रडली, मला नाही नाही ते बोलली. मी नाही म्हणालो, आणि तिथून उठून गेलो नाही.