बत्तीस अंशांची नणंद

माझ्या नणंदेइतका बत्तीस अंशांवर विश्वास असलेला माणूस अख्ख्या पनवेलात शोधून सापडायचा नाही. ती खारघरच्या एका कॉलेजात संशोधन करते. काचेवर जेलचा पापुद्रा बसवते, डोळ्यांना दिसणारही नाही इतका पातळ. बत्तिसाच्या वर तो पाणी टाकून आक्रसतो, खाली आला की पाणी पिऊन फुगतो. तळ काचेला चिकटलेला, त्यामुळे फुगायचं ते वरच. "दादाचं पोट नाही का, फक्त पुढेच वाढतं," असं ती माझ्या नवऱ्यादेखत समजावते. एकदा तिने माझ्या आमटीत थर्मामीटर बुडवला, तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते.

पण जानेवारीतल्या त्या सकाळी मलाही त्या आकड्याची धास्ती बसली. पापुद्रा उबदार ठेवून तिने त्यावर त्वचेच्या पेशींचा थर वाढवला होता. पळस्प्यापलीकडच्या प्रयोगशाळेत परीक्षकांसमोर थंड पाणी घालायचं, की पापुद्रा फुगून थर अखंड सुटणार, भाजलेल्या माणसाच्या अंगावर लावता येईल असा. सात वर्षांत धड जमलेला तो एकच. वाटेत गार झाला तर वाटेतच सुटून चुरगळणार. गाडी मी चालवत होते, तिच्या मांडीवर गाडीच्या सॉकेटला जोडलेली गरम पेटी. पळस्पे फाट्यावर गाड्या अडकल्या आणि मी, जन्माची काटकसरी, सवयीने इंजिन बंद केलं.

बराच वेळ गेला. "वहिनी, चौतीस!" ती किंचाळली. इंजिन बंद म्हणजे सॉकेटही बंद. मी घाईने चावी फिरवली, तरी आकडा तेहतिसावर उतरला. मला स्वतःचा एवढा राग कधी आला नव्हता. पेटी पुन्हा तापायला वेळ लागणार, म्हणून तिने आतली काचेची झाकणबंद बशी काढली आणि स्वेटरखाली पोटाशी धरली. वरून मी माझी शाल गुंडाळली. शेजारच्या टेम्पोतून नेऱ्याच्या भाजीवाल्या मावशी ओरडल्या, "काय झाला गो, पोटान दुखतं काय? पुढं दवाखाना हाय!"

"नाही हो मावशी, याला ऊब देतेय!"

मावशींना काय कळलं देव जाणे, पण त्यांनी टेम्पो मागे घ्यायला लावून आम्हाला वाट करून दिली.

परीक्षकांसमोर तिने थंड पाणी घातलं. आधी काहीच होईना. मग एक कड हलली आणि थर अख्खा सुटून वर आला. परीक्षक हसले, मी रडले. ती नुसती रिकाम्या काचेकडे बघत राहिली.

परतताना रिकामी बशी तिने पोटाशीच धरली होती. "ठेव ना आता मागे," मी म्हटलं.

"राहू दे गं वहिनी."

फाट्यावर पुन्हा गाड्या अडकल्या. मी इंजिन चालूच ठेवलं.