बाळासोंचा बिनआवाजी पाडवा

कसबा बावड्यात बाळासोंच्या आधी त्यांच्या मोटारसायकलचा आवाज घरी पोचायचा. सायलेन्सर त्यांनी मुद्दाम काढून ठेवलेला. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवलेली म्हैस मैदानात मालकाच्या गाडीमागं पळवून नंबर काढायचा, ही इथली इरसाल हौस. आणि बाळासोंची चंपी शंभर गाड्यांत आपल्या गाडीचा आवाज ओळखून सुसाट सुटायची.

त्याच आवाजानं त्यांची नात मात्र कान दाबून कॉटखाली शिरायची. राजनंदिनी सात वर्षांची, स्वमग्न. हाकेला ओ नाही, आज्याजवळ फिरकणं नाही. चारचौघांत मिशीला पीळ देणाऱ्या बाळासोंना हे फार लागायचं. सून संयोगिता पोरीला शहरातल्या एका केंद्रात न्यायची. तिथं कानाला हेडफोन, समोर हळू लुकलुकणारे दिवे, पाठीशी थरथरणारी खुर्ची. त्यानं म्हणे मेंदूच्या लहरी शांत होतात. “गुण येईलच असं नाही, बघू या,” एवढं तिथल्या बाईंनी सरळ सांगितलं होतं.

एकदा बाळासोही सोबत गेले आणि खूश झाले.

“म्हंजे आवाजावर तयार करायचं की! आमची चंपी अशीच तयार झालीया.”

झालं! दुसऱ्या दिवसापासून नातीच्या खिडकीखाली रोज गाडी गुरगुरू लागली. म्हैस खूश, आजा खूश. पोर जेवेना की झोपेना.

शेवटी संयोगिता सासऱ्यावर पहिल्यांदाच ओरडली. “मामा, ती म्हस न्हाय! तुमच्या गाडीला भिऊन पोरगी भाईर येत न्हाय.”

बाळासोंचा मिशीवरचा हात खाली आला. बावड्यात ही बातमीच होती.

पाडव्याला बाकीच्या गाड्या मैदानाकडं निघून गेल्या. नटलेली चंपी दारात उभी. बाळासोंनी किल्ली काढली, खिडकीकडं बघितलं आणि किल्ली परत खिशात टाकली. “चल गं चंपे,” म्हणत दावं धरून पायीच निघाले. चंपी ढिम्म. आवाजाशिवाय चालायचं तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

“बाळासो, म्हशीला रिक्षा बोलवू काय?” गल्ली खदखदली.

शरमेनं बाळासो उंबऱ्यावर बसले. थोड्या वेळानं शेजारी कुणीतरी टेकलं. राजनंदिनी. तिनं त्यांच्याकडं बघितलं नाही, फक्त त्यांच्या फेट्याचा लोंबता शेमला मुठीत धरला.

“बाळासो, गाडी चालू करा की! नंबर जाईल!” समोरून कुणी ओरडलं.

बाळासोंनी तोंडावर बोट ठेवलं.